शंभरात किती?

मिरकरवाडा बंदरावर माझं काम हिशेबाचं. मासळीचा लिलाव झाला की कुठल्या नौकेला डिझेल किती लागलं, बर्फ किती गेला, खलाशांचे वाटे किती निघाले, हे वहीत उतरवायचं. त्यामुळे आकड्यांची भीती कधी वाटली नव्हती. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत स्तनातल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट हाती आला, परळला टाटात उपचार सुरू झाले आणि ‘पाच वर्षांत इतके टक्के’ ही भाषा आमच्या जेवणाच्या ताटापर्यंत आली. तिच्याशी कसं वागायचं ते हळूहळू कळत गेलं. ज्यांच्या घरी नुकताच असा रिपोर्ट आला आहे, त्यांच्यासाठी हे बोल.

1. आकडा ऐकायचा की नाही, हे जिचं दुखणं तिनं ठरवावं.
आपल्याकडे नातेवाईक डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगतात, “तिला काही बोलू नका हां.” मग घरभर कुजबुज सुरू होते आणि पेशंट एकेकाचं तोंड बघून अंदाज बांधत बसते. मी तपासणीच्या खोलीतच सांगून टाकलं, “डॉक्टर, मला सगळं सांगा. ह्यांना मात्र आकडे नकोत, औषधांचं तेवढं सांगा.” आमचे हे तांडेल. वादळात नौका आत आणणारा माणूस, पण टक्क्यांची गोष्ट निघाली की चहाच्या निमित्तानं बाहेर पडत. त्यात कमीपणा कसला? आज नको असेल तर पुढच्या खेपेला विचारता येतं. एकदा कानात शिरलेला आकडा मात्र बाहेर काढता येत नाही.

2. टक्के कुणाचे, ते आधी विचारा.
‘लॅन्सेट’मध्ये 2018 साली जगभरच्या नोंदींचा अभ्यास आला. 2010 ते 2014 मध्ये स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या बायकांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण त्यात अमेरिकेत 90.2 टक्के होतं आणि भारतात 66.1. पुतण्यानं दोन्ही आकडे एकाच संध्याकाळी मोबाईलवर दाखवले. एकावर घर हसलं, दुसऱ्यावर गप्प झालं. पण आपल्याच देशातल्या 11 नोंदणी केंद्रांच्या 2024 च्या अभ्यासात या 66 च्या पोटात काय आहे ते दिसतं. रोग स्तनापुरता असताना सापडला तर 81 टक्के, आसपास किंवा काखेतल्या गाठींपर्यंत गेला असेल तर 65.5, दूरच्या अवयवांत पोचला असेल तर 18.3. म्हणून स्टेज कुठली, हार्मोन रिसेप्टर आहेत का, हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, वय काय, हे कळल्याशिवाय नुसत्या ‘ब्रेस्ट कॅन्सर’चा टक्का हा कुणाचाच टक्का नसतो.

3. मधला आकडा म्हणजे शेवटची तारीख नव्हे.
‘साधारण इतके महिने’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा तो बहुधा मधला आकडा असतो. बंदरातल्या सगळ्या नौकांची दिवसाची कमाई ओळीनं लावली, तर निम्म्या नौका मधल्या आकड्याच्या खाली असतात, निम्म्या वर. पण वरच्यांतली एखादी सुरमईनं इतकी भरून येते की मधल्या आकड्यावरून तिचा अंदाजच बांधता येऊ नये. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 साली पोटाचा मेसोथेलिओमा झाला. त्या रोगाचा मधला आकडा होता आठ महिने. त्यांनी विचार केला, आठ महिन्यांच्या पलीकडे निम्मे लोक आहेत आणि त्यांतले काही फार लांबपर्यंत जातात. मग आपण त्यांच्यातले असण्याची कारणं कोणती? वय कमी, निदान वेळेवर, उपचार उत्तम. ते पुढे 20 वर्षं जगले आणि 2002 मध्ये गेले तेही वेगळ्या कॅन्सरनं.

4. आकडा नेहमी शिळा असतो.
पाच वर्षांचा हिशेब करायचा तर बाईचं निदान पाच वर्षांपूर्वी झालेलं असावं लागतं. मग नोंदी गोळा होणार, छापून येणार. म्हणजे आज वाचलेला टक्का जुन्या औषधांवरचा. हर-टू असलेल्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब घ्या. अमेरिकेत ते 1998 मध्ये आलं, पण भारतात बनलेलं, त्या मानानं स्वस्त औषध बाजारात यायला 2014 उजाडलं. त्याआधीच्या बायकांचा आकडा आजच्या बाईला जसाच्या तसा लावू नये.

5. वाचलेल्यांच्या गोष्टी ऐका, पण मोजून.
2004 च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर निघाला. सहा महिनेच आहेत, कामं आटपून घ्या, असं एका डॉक्टरनं सुचवल्याचं त्यांनीच जाहीरपणे सांगितलं आहे. भेटायला आलेला प्रत्येक पाहुणा मला ही गोष्ट सांगे. धीर येई, खोटं कशाला बोलू. पण ज्यांच्या बाबतीत डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला, ती माणसं गोष्ट सांगायला येत नाहीत. आपल्यापर्यंत येतात त्या गोष्टी निवडून आलेल्या असतात. मला खरा आधार झाला तो शेजारच्या चाचींचा. केमोनंतर जेटीवरून येणारा मासळीचा वास सोसवेना, तेव्हा त्या मागच्या दारानं गरम पेज आणून ठेवत आणि एकही गोष्ट न सांगता जात.

6. तीन-चार टक्क्यांना हसू नका.
टाटा हॉस्पिटलच्या पुढाकारानं देशातल्या 11 केंद्रांत सुमारे 1600 बायकांवर एक प्रयोग झाला. 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. दात काढताना देतात तसलं भुलीचं स्वस्त औषध शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती टोचलं. पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 वर गेलं. शंभरात जवळजवळ चार बायका जास्त. त्या चार घरांना विचारा, चार म्हणजे किती. तेव्हापासून प्रत्येक नव्या उपचाराविषयी मी एकच प्रश्न विचारते, “यानं शंभरात किती जणी जास्त जगतात, आणि त्रास किती जणींना होतो?” उत्तर कळलं की उलट्या झाल्या तरी केमोची पुढची सायकल चुकवावीशी वाटत नाही. आणि फायदा फारच थोडा, त्रास मोठा असेल तर नको म्हणायलाही तोच प्रश्न उपयोगी पडतो.

7. पाच वर्षं ही कागदावरची रेघ आहे.
ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोन रिसेप्टरही नाहीत आणि हर-टूही नाही, अशा प्रकारात पहिली काही वर्षं धोक्याची. ती ओलांडली की पुढचा रस्ता बराच सोपा होतो. हार्मोन पॉझिटिव्ह प्रकारात रोग फार उशिराही परतू शकतो, म्हणून हार्मोन रोखणारी गोळी पाच, कुणाला दहा वर्षं चालते. तेव्हा पाच वर्षांचे पेढे वाटा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. आणि निदानाच्या दिवशीचा टक्का जन्मभर जपून ठेवू नका. एकेक वर्ष मागे पडतं तसा हिशेब नव्यानं मांडायचा असतो. फॉलोअपला गेलात की विचारा, “इथवर आलेल्या बायकांचं पुढे काय होतं?”

8. वाईट आकडाही कामाला लावा.
उपचारांच्या वेळी धर्मशाळेत राहिले, तिथे शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा रोग हाडांत गेलेला. त्यांनी आकडा विचारला, ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावून घेतलं. बँकेत वारस लावला, जमिनीचे कागद कुठे आहेत ते सांगितलं, वेदना कमी करणाऱ्या उपचारांच्या विभागात नाव घातलं. त्यानंतर त्यांना झोप लागू लागली. घरी आल्यावर मीही नौकेचा परवाना, विमा आणि पासबुकं एका पिशवीत घातली आणि ती पिशवी ह्यांना दाखवून ठेवली. ह्याला हार मानणं म्हणत नाहीत.

9. 81 आणि 18 मधलं अंतर ओळखा.
आमच्या वाड्यातल्या बायका पहाटेपासून मासळीची टोपली वाहतात. गाठ हाताला लागली तरी बंदी उठली की बघू, नारळी पौर्णिमा झाली की बघू, पोरीचं लग्न उरकलं की बघू. सुरुवातीला गाठ बहुतेकदा दुखत नाही, म्हणून ‘बघू’ लांबत जातं. काही गाठी जात्याच वाईट असतात, तिथे कुणाचं काही चालत नाही. पण पुष्कळ जणी 81 च्या ओळीतून 65 च्या, तिथून 18 च्या ओळीत सरकतात त्या या ‘बघू’मुळे. आकडा ऐकून घाबरण्याचा हक्क सगळ्यांना आहे. तो ऐकायची वेळ येण्याआधी सिव्हिलला जाऊन गाठ दाखवायला मात्र फार तर एक सकाळ जाते, आणि तेवढा एका दिवसाचा लिलाव बुडाला तर बुडू द्यावा.