रिमोट बोईसरला, सेट-टॉप बॉक्स मुंबईला!

मुंबईत अ‍ॅनालॉग केबल बंद करण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. पुढच्या टप्प्यांत पालघर-बोईसरच्या घरांतही सेट-टॉप बॉक्स आले. बॉक्सचं सॉफ्टवेअर बदललं की तीच बटणं शेकडो वेळा दाबून तपासावी लागतात. हे काम मशीनकडे कसं देतात?

मित्रांनो, समजा बॉक्स मुंबईच्या लॅबमध्ये आणि इंजिनिअर बोईसरला आहे. इन्फ्रारेड प्रकाश भिंतही ओलांडत नाही. म्हणून बॉक्सजवळ एक कंट्रोलर ठेवतात. नेटवर्कवरून आज्ञा आली की तो एलईडी साधारण ३८ किलोहर्ट्झने लुकलुकवतो. एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा पल्स, मग ४.५ मिलिसेकंदांची विश्रांती आणि नंतर ३२ बिट जातात. एकाच मॉडेलचे सगळे बॉक्स एकच कोड ओळखतात. म्हणून प्रत्येकाच्या रिसीव्हरवर वेगळा एलईडी चिकटवून भोवती काळी टेप लावायची.

खरी मेख पुढेच आहे. बॉक्स रिमोटला उलट उत्तर देत नाही! ‘कोड पाठवला’ म्हणजे ‘बॉक्सला मिळाला’ असं नव्हे. त्यात पॉवरचं बटण चालू-बंद दोन्हीला एकच. एक आज्ञा हुकली की पुढचं सगळं उलटं होतं आणि बंद बॉक्सही ‘पास’ होऊन जातो. म्हणून प्रत्येक आज्ञेनंतर बॉक्समधून येणारं चित्र कॅप्चर करून पाहायचं. असा प्रोजेक्ट कराल तेव्हा हा फीडबॅक आधी जोडा, बटणं नंतर!