हंसाचे घरटे व धन्याचा धीर

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारी कोंबड्या असतात, आणि खुडूक झालेली कोंबडी अंड्यांवर कशी बसवावी हे आमच्या गावांतील आजीबाईंस शिकविण्याची गरज नाही. हंस पाळणारी घरे मात्र थोडी. ज्यांनी हौसेने एखादी जोडी आणिली आहे, त्यांची पहिल्या वर्षी बहुधा एकाच प्रकारे निराशा होते. मादी अंडी घालते, बसते, दिवस भरत येतात. इतक्यात धन्याला धीर निघत नाही आणि तो एखादे अंडे फोडून पाहतो. आत जिवंत पिलू निघते व डोळ्यांदेखत मरते. कोंबडी पुन्हा लवकर बसेल. हंसाच्या मादीची अंडी बारमाही नसतात, तिचा हंगाम गेला म्हणजे गेला. यास्तव ह्या घरट्यात काय घडते व आपला हात केव्हा आवरावा, ह्याविषयी आज थोडे सांगतो.

रानटी हंसाचे घरटे पाहण्याचा योग आपल्या मुलुखात येत नाही. पैठणजवळच्या जायकवाडीच्या जलाशयावर हिवाळ्यात पट्टकादंब येतात खरे, परंतु ते पाहुणे होत. त्यांची घरटी लडाख, तिबेट व मंगोलिया येथील उंचावरच्या सरोवरांकाठी असतात. आपल्याकडे पाळलेल्या हंसांपैकी पुष्कळांच्या चोचीच्या मुळाशी गाठ दिसते; त्यांचे मूळ पूर्व आशियातील रानहंसात आहे. माणसाच्या दारी राहूनही घरट्याच्या बाबतीत ह्या पक्ष्याने आपला रानटी रिवाज सोडलेला नाही.

मादी जमिनीवरच घरटे करते. परसातील आडोशाचा कोपरा, गोठ्याची भिंत, कडब्याच्या गंजीची सावली अशी जागा ती पाहून ठेवते. तेथे कोरडा पेंढा टाकून ठेवावा आणि मग निवड तिची तिला करू द्यावी. आपल्या सोयीसाठी घरटे हलविले तर ती पुष्कळदा ते सोडूनच देते. अंडे साधारणतः एक दिवसाआड होते. ते कोंबडीच्या अंड्याच्या अडीच-तीन पट वजनाचे असते. प्रत्येक वेळी ती ते पेंढ्याखाली झाकून निघून जाते, आणि नवशिक्यास वाटते की हिला अंड्यांची काळजीच नाही. वस्तुतः ह्यात मोठी योजना आहे. ऊब न मिळालेल्या अंड्यातील जीव थांबून राहतो, वाढत नाही. संख्या पुरी झाली म्हणजे मादी छातीची मऊ पिसे उपटून घरट्यास अस्तर लाविते व बसते. तेव्हा पहिल्या दिवसाचे अंडे व शेवटचे अंडे यांची वाढ एकदमच सुरू होते, आणि पिले बहुतेक बरोबरीने बाहेर पडतात.

आता हिशेबाची चूक कोठे होते ते लक्षात येईल. दिवस पहिल्या अंड्यापासून मोजावयाचे नसून, मादी रात्रभर घरट्यावर राहिली त्या दिवसापासून मोजावयाचे असतात. तो दिवस भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावा. तेथून २८ ते ३१ दिवस लागतात, आणि क्वचित त्याहून दोन-तीन अधिक. कोंबडीच्या २१ दिवसांची सवय असलेल्या घरास हे फार लांबलेले वाटते. पहिल्या अंड्यापासून मोजणाऱ्याचे तर दहा-पंधरा दिवस आधीच चुकलेले असतात.

बसल्यावर मादी दिवसातून एक-दोनदाच उठते. अंड्यांवर पिसे ओढून घेते, चरते, पाणी पिते, अंग भिजवून येते, आणि त्या ओल्या अंगानेच पुन्हा बसते. तिला हाकलू नये. ती ओल अंड्यांना हवी असते. कवचाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून अंड्यातील पाणी हळूहळू उडून जाते. दिवस भरेपर्यंत वजनाचा सुमारे आठवा हिस्सा कमी होतो आणि बोथट टोकाशी हवेची एक पोकळी वाढत जाते. पाणी फार उडाले तर आतील पापुद्रा चामड्यासारखा होऊन पिलू त्यात अडकते. फारच थोडे उडाले तर पोकळी लहान राहून पिलू गुदमरते. हे माप मादीला न शिकविता साधते. जेथे हंसाची अंडी कोंबडीखाली ठेवितात, तेथे मात्र चार-सहापेक्षा अधिक ठेवू नयेत, आणि ती जड अंडी कोंबडीस फिरविता येत नाहीत म्हणून एका बाजूस खूण करून ती दिवसातून दोन-तीन वेळा आपणच उलटावी, व शेवटच्या पंधरवड्यात कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा.

नर अंडी उबवीत नाही. तो पहारा करितो, आणि तो पहारा लटका नसतो. लहान मुलांस त्या बाजूस जाऊ देऊ नये. तथापि रात्री घूस, कोल्हा वा भटके कुत्रे यांच्यापुढे एकट्या नराचे चालत नाही. रात्रीचा आडोसा बळकट करणे हे धन्याचे काम होय.

अंडे घरट्याबाहेर घरंगळले तर मादी मान लांब करून चोचीच्या खालच्या अंगाने ते ओढून आणिते. कोनराड लोरेंझ व निको टिनबर्गेन ह्या शास्त्रज्ञांनी रानहंसाच्या ह्या कृतीचा अभ्यास १९३८ साली प्रसिद्ध केला. ओढणे सुरू झाल्यावर मधेच अंडे काढून घेतले, तरी मादी रिकामीच चोच घरट्यापर्यंत ओढीत आणिते, असे त्यांस आढळले. जी अंडे नसताही अंडे ओढते, ती मेलेल्या अंड्यांवरही कित्येक आठवडे बसून राहील व खंगत जाईल, ह्यात नवल कसले? म्हणून हात घालण्याची एक वेळ धन्याने चुकवू नये.

ती वेळ आठव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास येते. मादी चरावयास गेली असता, अंधाऱ्या खोलीत, जाड पुठ्ठ्याच्या लहान भोकाशी अंडे धरून मागे विजेरी लावावी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर आत जीव आहे. अंडे नितळ दिसले तर ते निष्फळ होय. असे अंडे काढून टाकावे, नाहीतर ते नासून फुटते व शेजारच्यांचाही नाश करिते. त्यानंतर शेवटपर्यंत हात दूर ठेवावा.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत मादी क्वचितच उठते. पिलू प्रथम आतल्या आत हवेच्या पोकळीत चोच खुपसून श्वास घेऊ लागते. मग कान लावल्यास टकटक व बारीक आवाज ऐकू येतो, आणि मादीही खालच्या सुरात उत्तर देते. पुढे कवचावर एक तडा दिसतो, आणि नेमक्या ह्याच क्षणी घरोघरी घात होतो. तड्यापासून सुटकेपर्यंत एक दिवस, कधी दोन दिवसही जातात. पिलू स्वस्थ पडलेले दिसते, परंतु पापुद्र्यातील शिरांचे रक्त व उरलेला पिवळा बलक त्या वेळी ते आपल्या शरीरात ओढून घेत असते. दया येऊन कोणी कवच सोलले तर त्या शिरा तुटून रक्त वाहते. ह्या दयेने जितकी पिले मरतात तितकी मुंगसाने मरत नसावीत, असे आम्हांस वाटते.

बाहेर आलेले पिलू ओले व मरगळलेले असते. काही तासांत ते वाळून मऊ लव धरिते. पोटातील बलकावर त्याचे एक-दोन दिवस निभतात, म्हणून खाऊ घालण्याची घाई नको. मादी लवकर आलेल्या पिलांना घेऊन उठली व मागची अंडी थंड पडू लागली, तर वाळलेली पिले टोपलीत उबेस ठेवून, सर्व निघाल्यावर संध्याकाळी तिच्या पंखाखाली सारावी. मात्र टोपलीवर फडके असावे. जर्मन पक्षिशास्त्रज्ञ ओस्कार हाइनरोट यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात लिहिले आहे की, यंत्रात उबविलेल्या पिलांनी प्रथम माणूस पाहिला तर ती त्यालाच आईबाप समजून त्याच्या मागे फिरतात व खऱ्या हंसांकडे जात नाहीत. म्हणून ते पिलू बाहेर येताच पिशवीत घालून हंसांकडे नेत. मुले हौसेने पिलू हातात घेऊन बसतात; चार दिवसांनी तेच पिलू अंगणभर मुलांना शोधीत ओरडत हिंडते आणि मुले शाळेत गेलेली असतात.

३५ दिवस उलटूनही काहीच आवाज नसेल, तर मादी बाहेर गेली असता अंडी उचलून दूर पुरावी. ती काही दिवस त्या जागी येऊन ओरडेल. तिला घरट्यापासून लांब, नरासोबत, कोवळ्या गवतावर सोडावे व धान्य अंमळ अधिक द्यावे. पिले निघोत वा न निघोत, जुना पेंढा जाळून टाकावा व जागेवर राख पसरावी. त्यात उवा राहतात.