कार्यक्लांती : ओळख आणि सुटका

दिवसभर श्रम केल्यावर मनुष्य थकतो, हा निसर्गाचा नियम होय. शेतातून परतलेला शेतकरी, वर्ग आटोपून आलेला शिक्षक, पाळी संपवून घरी आलेली परिचारिका ह्यांना संध्याकाळी शीण जाणवतो. रात्री झोप मिळाली, पोटभर जेवण झाले, आठवड्याची सुटी पदरात पडली, की तो ओसरतो. ह्या थकव्यात काळजी करण्याजोगे काही नसते. विश्रांतीची वेळ झाल्याचा तो शरीराने दिलेला इशारा असतो.

परंतु थकव्याचा आणखी एक प्रकार आहे. तो झोपेने जात नाही, सुटीने तात्पुरता दबतो आणि कामावर रुजू होताच पुन्हा डोके वर काढतो. पूर्वी आवडीने केलेले काम नकोसे होते, सहकाऱ्यांशी तुटकपणे वागणे सुरू होते आणि ‘आपल्या हातून काहीच नीट होत नाही’ अशी भावना मनात घर करते. इंग्रजीत ह्या अवस्थेला ‘बर्न-आऊट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला ‘कार्यक्लांती’ असे म्हटले आहे. दिव्यातील तेल संपले म्हणजे ज्योत वातीलाच जाळू लागते. कार्यक्लांतीत मनुष्याचे तसेच होते.

संकल्पनेचा इतिहास

थकव्याचा प्रयोगशाळेत पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांमध्ये इटलीतील तुरीन येथील शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो ह्यांचे स्थान अग्रगण्य आहे. बोटाने वजन पुन्हा पुन्हा उचलायला लावून स्नायूंची शक्ती कशी घटत जाते, हे नोंदवणारे यंत्र त्यांनी तयार केले. १८९१ साली त्यांचा थकव्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दीर्घ व्याख्याने देऊन किंवा तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकांच्या बोटांची ताकद कमी झालेली असते, असे त्यांना दिसून आले. त्या प्राध्यापकांनी बोटाने कोणतेही जड काम केलेले नव्हते. मनाचे श्रम शरीराच्या खात्यावरही खर्च पडतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

पुढे १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ‘बर्न-आऊट’ हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणारे उत्साही स्वयंसेवक काही काळाने निस्तेज व चिडखोर होतात, असे त्यांनी पाहिले होते. विशेष हे, की सर्वांत अधिक झिजणारी माणसे सर्वांत अधिक तळमळीची होती. त्यानंतर क्रिस्टिना मॅस्लाक ह्या मानसशास्त्रज्ञ विदुषीने सुझन जॅक्सन ह्यांच्यासह १९८१ साली ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कार्यक्लांतीची व्याख्या दिलेली आहे. ही आवृत्ती मे २०१९ मध्ये मान्य झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने ही अवस्था उद्भवते, असे तीत म्हटले आहे. तिची तीन अंगे सांगितली आहेत : शक्ती संपून गेल्याची जाणीव, कामापासून मनाने दुरावणे किंवा कामाविषयी कडवटपणा वाटणे, आणि कार्यक्षमता घटणे. ह्या वर्गीकरणात कार्यक्लांतीला रोग मानलेले नाही. ती व्यवसायाशी निगडित अशी घटना मानली आहे. ह्या भेदाला फार महत्त्व आहे, कारण रोग रोग्याच्या शरीरात शोधावा लागतो, तर कार्यक्लांतीचे मूळ पुष्कळदा कामाच्या रचनेत असते.

विश्रांती : कामाचाच एक भाग

काम आणि विश्रांती ह्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न भारतीय कामगारांनी फार पूर्वी उपस्थित केला. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने १८८४ साली कामगारांनी जे मागणीपत्र तयार केले, त्यात आठवड्याची एक सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती ह्या मागण्या होत्या. साप्ताहिक सुटीची मागणी १० जून १८९० रोजी मान्य झाली.

हाच प्रश्न पुढे चेन्नई शहरात, म्हणजे त्या वेळच्या मद्रासमध्ये, ऐरणीवर आला. तेथील पेरंबूर भागात बकिंगहॅम आणि कर्नाटिक ह्या दोन मोठ्या कापडगिरण्या होत्या. कामाचे तास लांब, दुपारच्या जेवणाची सुटी तोकडी आणि मुकादमांची वागणूक कठोर, अशा तक्रारी कामगारांत होत्या. २७ एप्रिल १९१८ रोजी ‘मद्रास लेबर युनियन’ स्थापन झाली. भारतातील पहिली संघटित कामगार संघटना म्हणून तिचा उल्लेख केला जातो. मुंबईत जन्मलेले बहमन पेस्तनजी वाडिया हे तिचे अध्यक्ष होते आणि तमिळ लेखक तिरु. वि. कल्याणसुंदरम् हे त्यांचे निकटचे सहकारी होते. पुढे गिरणीच्या चालकांनी वाडियांवर न्यायालयात दावा लावला. संघटना करणाऱ्यांना कायद्याचे संरक्षण असावे, ही गरज त्यामुळे ठळक झाली व १९२६ साली कामगार संघटनांविषयीचा कायदा झाला.

१ मे १९२३ रोजी सिंगारवेलर ह्यांनी मद्रासमध्ये भारतातील पहिला मे दिन साजरा केला. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरी ह्यांचे, प्रचंड शिळा हलवणाऱ्या चार श्रमिकांचे शिल्प १९५९ पासून उभे आहे. एकट्याने न हलणारी शिळा चौघांच्या बळाने हलते, हे त्या शिल्पावरून सहज ध्यानात येते.

जेवणाची सुटी ही मालकाची कृपा नसून कामाच्या रचनेचाच एक भाग आहे, हा ह्या इतिहासाचा बोध होय. शास्त्रानेही त्याला दुजोरा दिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी १९१५ साली समिती नेमण्यात आली. तास कमी केल्यावर एकूण उत्पादन घटण्याऐवजी वाढल्याची उदाहरणे ह्या पाहणीत पुढे आली.

आजचे चेन्नई

चेन्नईतील कामाचे स्वरूप आता बदलले आहे. तरमणी येथे २००० साली टायडेल पार्क सुरू झाले आणि जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत संगणक-व्यवसायाची कार्यालये उभी राहिली. परदेशातील ग्राहकांच्या घड्याळाप्रमाणे येथे अनेकांना रात्रपाळी करावी लागते. भारतात रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेअकरा किंवा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. शरीरातील घड्याळ मात्र चेन्नईच्याच सूर्याप्रमाणे चालते. दिवसा उजेडात, उकाड्यात आणि घरातल्या गजबजाटात घेतलेली झोप पुष्कळदा तुटक व अपुरी राहते.

त्याच शहरात त्यागराय नगरसारख्या बाजारपेठांतील मोठ्या दुकानांत विक्रेत्यांना दिवसचे दिवस उभे राहावे लागे. २०२१ साली तमिळनाडूच्या विधानसभेने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसण्यासाठी आसने देणे बंधनकारक केले. एप्रिल २०२३ मध्ये कारखान्यांतील कामाचा दिवस बारा तासांपर्यंत वाढवण्यास वाव देणारे विधेयक त्याच सभागृहात संमत झाले होते. त्याला तीव्र विरोध झाला आणि १ मे २०२३ रोजी मुख्यमंत्र्यांनी ते मागे घेतल्याचे जाहीर केले. शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न अद्याप जुना झालेला नाही, हे ह्या घटनांवरून दिसते.

प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना ह्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, दीर्घ कामाच्या तासांमुळे २०१६ ह्या एका वर्षात जगात सुमारे ७,४५,००० माणसे पक्षाघाताने व हृदयविकाराने दगावली. आठवड्यात ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात आढळले.

ओळख कशी पटवावी

संकटाच्या वेळी शरीर ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल इत्यादी द्रव्ये रक्तात सोडते. त्यामुळे हृदयाची गती वाढते, लक्ष एकाग्र होते आणि मनुष्य प्रसंगाला तोंड देतो. प्रसंग टळला, की सर्व पूर्ववत होते. परंतु प्रसंग रोजचाच झाला, तर शरीराला पूर्ववत होण्यास उसंतच मिळत नाही. ह्या अवस्थेची चिन्हे हळूहळू प्रकट होतात. ती साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात :

१. सकाळी उठतानाच थकलेले वाटणे. झोप न लागणे किंवा मध्येच मोडणे.
२. डोकेदुखी, पाठदुखी, अपचन ह्यांच्या वारंवार तक्रारी.
३. क्षुल्लक कारणावरून चिडणे. रोगी, विद्यार्थी अथवा ग्राहक ह्यांच्याविषयी कोरडेपणा येणे.
४. साध्या कामात चुका होणे. निर्णय घेणे अवघड वाटणे.
५. कामावर जाण्याच्या विचाराने आदल्या संध्याकाळीच मन जड होणे.

अशा वेळी दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी, की पंडुरोग, मधुमेह, कंठग्रंथीचे विकार ह्यांमुळेही सततचा थकवा येतो. म्हणून वैद्यकीय तपासणी टाळू नये. दुसरी अशी, की कार्यक्लांती आणि विषादरोग ह्यांत गल्लत होऊ देऊ नये. कार्यक्लांतीचे केंद्र काम असते. विषादरोगात मात्र घर, मित्र, छंद ह्या सर्वांतूनच मन उडते. एकीतून दुसरीकडे वाट जाऊ शकते. जगणे नकोसे वाटू लागले, तर क्षणाचाही विलंब न करता मदत घ्यावी. ‘टेली मानस’ ह्या शासकीय सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. चेन्नईत ‘स्नेहा’ ही आत्महत्या-प्रतिबंधाचे कार्य करणारी संस्था १९८६ पासून आहे.

सुटकेचा मार्ग

सुटकेची पहिली पायरी म्हणजे अवस्थेची कबुली. ‘आपण कमकुवत आहोत’ असे मानून जो अधिकच राबतो, तो खोल गर्तेत जातो. विश्वासातील व्यक्तीशी बोलावे, वैद्यांचा सल्ला घ्यावा व गरज असल्यास रजा घ्यावी.

दुसरी पायरी झोपेची. प्रौढ माणसाला दररोज किमान सात तास झोपेची गरज असते. रात्रपाळी करणाऱ्याने दिवसा खोलीत अंधार करून ठरावीक वेळी झोपावे आणि घरच्यांनीही ती वेळ रात्रीइतकीच पवित्र मानावी.

तिसरी पायरी मनाने कामापासून अलग होण्याची. शरीर घरी आले, पण मन कार्यालयातच राहिले, तर विश्रांती होत नाही. ठरलेल्या वेळेनंतर कामाचे निरोप पाहणे थांबवावे. फिरणे, गायन, बागकाम, वाचन, मुलांशी खेळणे अशा ज्या गोष्टींत मन रमते, त्यांना दिवसात निश्चित स्थान द्यावे.

एवढ्याने मात्र काम भागत नाही. सुटीचा लाभ काही आठवड्यांतच विरून जातो, असे अभ्यासांत आढळून आले आहे. मनुष्य ताजातवाना होऊन त्याच जात्यात परत गेला, तर तो पुन्हा भरडलाच जाणार. मॅस्लाक आणि मायकेल लायटर ह्यांनी कार्यक्लांतीची मुळे सहा ठिकाणी दाखवली आहेत : कामाचा भार, कामावरील स्वतःचा ताबा, मोबदला व कदर, सहकाऱ्यांतील आपुलकी, न्याय्य वागणूक आणि मूल्यांचा मेळ. भार थोडा जास्त असला तरी काम आपल्या पद्धतीने करण्याची मुभा असेल व श्रमाची कदर होत असेल, तर मनुष्य टिकून राहतो. भार मोठा, मुभा शून्य आणि वर अपमान, असा संयोग मात्र सर्वांत घातक ठरतो.

म्हणून कामावर परतणाऱ्या व्यक्तीने आणि तिच्या वरिष्ठाने ह्या सहा बाबी एकत्र बसून तपासाव्यात. प्रारंभी कामाचे तास कमी ठेवून ते क्रमाक्रमाने वाढवावेत. रात्रपाळ्या सलग फार दिवस देऊ नयेत. कोणते काम आधी करावे व कोणते सोडून द्यावे, हे स्पष्ट सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही कामाच्या परिस्थितीत बदल करणे, व्यवस्थापकांना शिक्षण देणे आणि परतणाऱ्या कामगाराला आधार देणे ह्यांवर भर आहे.

व्यक्तीने स्वतःची काळजी घ्यावी, हे खरेच. पण दमलेल्या माणसाला केवळ धीराचा उपदेश करणे म्हणजे रिकाम्या दिव्याची वात पुढे सरकवण्यासारखे आहे. तेल घालण्याचे काम कुटुंब, सहकारी, मालक आणि कायदा ह्या सर्वांनी मिळून करावयाचे असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. साधा थकवा आणि कार्यक्लांती ह्यांतील भेद सोदाहरण सांगा.
२. मोस्सो ह्यांच्या निरीक्षणावरून मन व शरीर ह्यांच्या संबंधाविषयी काय निष्पन्न होते?
३. कार्यक्लांतीच्या सहा मुळांपैकी आपल्या परिसरातील एखाद्या व्यवसायात कोणती आढळतात, ह्याची चौकशी करून टिपण लिहा.
४. केवळ सुटी दिल्याने कार्यक्लांती कायमची का जात नाही?