दशमूळ आणि विद्यापीठांचा बीजनिधी

दशमुळांतील बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला व काश्मरी हे वृक्ष होत. मुळे खणली की बहुधा वृक्षच दगावतो. मुळाऐवजी लहान फांद्या गुणाने उतरतात काय, हे ठरविण्यास वैद्य, वनस्पतिशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ एकत्र हवेत. परंतु राज्यातील बहुतेक आयुर्वेद महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८), तर विक्रोळी-घाटकोपरकडील विज्ञान महाविद्यालये प्रामुख्याने मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणून प्राथमिक तुलनेपुरता अल्प बीजनिधी दोन्ही विद्यापीठांनी संयुक्तपणे द्यावा. त्या निष्कर्षांच्या आधारे राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाकडे (स्थापना २०००) मोठा प्रकल्प मांडता येईल. फार्मसीचालकांनी द्रव्य, अंग, आवक व दर यांची नोंद ठेवून अभ्यासगटास द्यावी. तुटवडा प्रथम त्यांच्याच खरेदीवहीत उमटतो.