बाण पुसा, पत्ता लिहा : लिंक्ड लिस्ट शिकवताना



सी शिकणारी मुलं लूपपर्यंत मजेत येतात आणि पॉइंटरपाशी अडतात. याला थोडे आपणही जबाबदार आहोत. आपण फळ्यावर चौकोन काढून बाण जोडतो. पण मेमरीत बाण नसतोच. तिथे असतो फक्त एक आकडा, म्हणजे पुढच्या नोडचा पत्ता. पॉइंटर म्हणजे हा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल.

हा प्रयोग करून पाहा. तीन चिठ्ठ्या घ्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात तिचा स्वतःचा पत्ता लिहा, मध्ये डेटा आणि खाली 'नेक्स्ट'. (पत्ते सोयीसाठी लहान घेतले आहेत.)

पत्ता १००० : डेटा १०, नेक्स्ट २४००
पत्ता २४०० : डेटा २०, नेक्स्ट १६००
पत्ता १६०० : डेटा ३०, नेक्स्ट नल

'हेड'मध्ये १०००. ॲरेसारखे पत्ते ओळीने नाहीत, तरी यादी सलग वाचता येते. नल आलं की थांबायचं.

आता १० आणि २० च्या मध्ये १५ घालायचे आहेत. मॅलॉकने नव्या नोडला ३२०० हा पत्ता दिला. मुलांना विचारा, आधी काय लिहायचं?

बरीच मुलं आधी १० च्या नेक्स्टमध्ये ३२०० लिहितात. त्याच क्षणी तिथला २४०० पुसला जातो! मग १५ च्या नेक्स्टमध्ये '१० चा नेक्स्ट' उतरवायला गेलं, की मिळतो ३२००, म्हणजे १५ चा स्वतःचाच पत्ता. यादी छापली तर १०, १५, १५, १५... थांबतच नाही. २० आणि ३० मेमरीत आहेत, पण २० चा पत्ता कुणाकडेच उरला नाही. कंपायलर मात्र एकही चूक दाखवत नाही.

योग्य क्रम असा: आधी १५ च्या नेक्स्टमध्ये २४००, मग १० च्या नेक्स्टमध्ये ३२००. जुना पत्ता उतरवून घेतल्याशिवाय पुसायचा नाही, एवढंच सूत्र.

म्हणून मूल चुकलं तर "लक्ष नाही तुझं" असं म्हणू नका. त्याच्या हातात चिठ्ठ्या आणि खोडरबर द्या. चूक त्याला स्वतःलाच सापडेल.

घरी सोडवायला: आता २० काढून टाका. १५ च्या नेक्स्टमध्ये काय येईल? आणि 'फ्री' आधी की नंतर?

(उत्तर: आधी १५ च्या नेक्स्टमध्ये १६००, मग २४०० फ्री.)