दातदुखी आणि रुग्णालयाचा तातडीचा विभाग

रात्रपाळी सुटल्यावर गाल धरून ‘इमर्जन्सी’त येणारा कामगार सुरतेतील डॉक्टरांना नवा नाही. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली अनेक मराठी कुटुंबे लिंबायत, उधना परिसरात स्थिरावली आहेत. यंत्रमागावर बारा तासांची पाळी असते. दंतविभागाची दिवसाची वेळ गाठावी तर रोज बुडतो. म्हणून दात किडल्यावर नव्हे, तर झोप उडाल्यावर रुग्णालयाची पायरी चढली जाते.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत २०१० च्या सुमारास दातांच्या तक्रारींसाठी तातडीच्या विभागात वर्षाला वीस लाखांवर भेटी होत असत. दंतविम्याचा अभाव हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. आपल्याकडे २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागात दात भरून घेण्याचा खर्च तीत येत नाही.

कीड दाताच्या मगजापर्यंत पोहोचली की तेथे सूज येते. भोवतीच्या कठीण भिंतींमुळे सुजेला जागा मिळत नाही, आडवे झाल्यावर रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका असह्य होतो. काही दिवसांनी मगज मृत होतो व दुखणे थांबते. रुग्णास वाटते, दात बरा झाला. वस्तुतः जंतुसंसर्ग मुळाशी पसरत असतो. मृत मगजात रक्तपुरवठाच नसल्याने तेथे प्रतिजैविक पोहोचत नाही. दात उघडून मगज काढणे किंवा दात काढणे हाच खरा उपचार होय. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दंतोपचार लगेच उपलब्ध असल्यास निरोगी प्रौढांच्या बहुतेक दातदुखीत प्रतिजैविकांची आवश्यकता नसते. वेदनाशमनासाठी इबुप्रोफेन ४०० व पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एकत्र उपयुक्त ठरतात. मात्र मूत्रपिंडविकार, जठरव्रण व गर्भावस्थेत इबुप्रोफेन टाळावे.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र विलंब नको :
• हनुवटीखाली दोन्ही बाजूंस कठीण सूज
• तोंड न उघडणे, लाळ गळणे, गिळताना त्रास
• जीभ वर उचलली जाणे, आवाज बदलणे, धाप लागणे
• ताप, विशेषतः मधुमेही रुग्णात

खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली पसरून श्वासमार्ग बंद करू शकतो. १८३६ साली जर्मन वैद्य लुडविग यांनी वर्णन केलेला हा विकार आजही जीवघेणा आहे. अशा रुग्णास घरी पाठवू नये.

दुखऱ्या दातावर मिसरी वा तंबाखू दाबून ठेवण्याची सवय आपल्या घरांत अजूनही आढळते. तिने दात बरा होत नाही, उलट कर्करोगाचा धोका वाढतो. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातील जखम तज्ज्ञास दाखवलीच पाहिजे.

तातडीच्या विभागातून गोळी घेऊन परतणारा रुग्ण दुखणे थांबताच पुढील उपचार विसरतो. म्हणून गोळीबरोबरच दंतविभागाची चिठ्ठी, तीवर दिवस व वेळ, आणि “दुखणे थांबले तरी यावे” हे एक वाक्य आपण अवश्य लिहावे. कामगार वस्तीत आठवड्यातून एक सायंकाळ दंततपासणीसाठी देणे आपल्या संस्थेस अशक्य नाही. वेळीच भरलेला दात रुग्णाचा रोज वाचवतो, आणि क्वचित त्याचा प्राणही.