ई-सिगारेट : तंबाखूला पर्याय की नवी सवय?



३१ मे हा जागतिक तंबाखू विरोधी दिन. पण तेव्हा शाळेला सुट्टी असते, त्यामुळे हा विषय बरेचदा राहूनच जातो. सहावी ते आठवीच्या वर्गात कधीही घेता येईल असा पाठ इथे देत आहे. मोठी मुलं हल्ली मोबाईलवर ई-सिगारेटचे व्हिडिओ बघतात आणि विचारतात, "त्यात तंबाखू नसते, धूर नसतो, मग काय होते?" प्रश्न चांगला आहे. नुसतं "वाईट असते" म्हणून तो टाळू नये.

ई-सिगारेट म्हणजे काय?

हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र. आत एक द्रव असतो. तारेचं वेटोळं तापलं की द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते. द्रवात बहुतेक वेळा निकोटीन असतं, सोबत ग्लिसरीनसारखे पदार्थ आणि आंबा, पुदिना असे स्वाद. आजच्या रूपातली ई-सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांनी बनवली. काही यंत्रं पेन किंवा पेन ड्राइव्हसारखी दिसतात, म्हणून दप्तरात असली तरी ओळखू येत नाहीत.

मग तिला पर्याय का म्हणतात?

विडी-सिगारेट जळते तेव्हा डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतं. फुप्फुसाचं नुकसान मुख्यतः या धुरानं होतं. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही, म्हणून हे पदार्थ खूप कमी असतात. ब्रिटनमध्ये सिगारेट सुटत नसलेल्या मोठ्या माणसांना तिथली आरोग्य सेवा हा मार्ग सुचवते. हे खरं आहे आणि मुलांना खरंच सांगावं. पण कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे. व्यसन लावणारं निकोटीन तिच्यातही असतंच. आणि ज्यानं कधी विडी ओढलीच नाही, अशा तेरा वर्षांच्या मुलासाठी ती कशाचा पर्याय? त्याच्यासाठी ती फक्त सुरुवात. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते, म्हणून या वयात निकोटीनची सवय लवकर लागते आणि पक्की बसते.

भारतातला कायदा

सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं आणि तिची जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी आहे, ऑनलाइन विक्रीवरही. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आपल्या जिल्ह्यांचा प्रश्न वेगळा

इथे थोडं थांबून विचार करू. उन्हाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून विडीसाठी तेंदूपत्ता जातो. पण आपल्या गावात विडीपेक्षा खर्रा जास्त चालतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेली तंबाखू वापरत होते आणि ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे ई-सिगारेट ज्या धुरावर उपाय म्हणून निघाली, तो धूर आपल्याकडे मुळात कमीच. खर्रा खाणाऱ्याच्या हाती ती दिली तर खर्रा सुटण्याची खात्री नाही. उलट दोन सवयी होतील.

खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना. चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात जातं. सुपारीमुळे ती त्वचा ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, तिखट सहन होत नाही. पुढे कर्करोगाचा धोका. एक सोपी तपासणी: आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते बघा. जात नसतील तर डॉक्टरांना दाखवा.

गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या मार्गदर्शनाखाली 'मुक्तिपथ' हे दारू आणि तंबाखू कमी करण्याचं अभियान सुरू झालं. त्याची दिशा एक व्यसन देऊन दुसरं काढण्याची नाही. गावात विक्री थांबवणं आणि सोडणाऱ्याला सोबत देणं, ही ती वाट.

वर्गात काय घ्यावं?

१. गणित : समजा एक खर्रा २० रुपयांचा, दिवसाला ३. वर्षाचा खर्च किती? (२१,९०० रुपये.) एवढ्या पैशात घरात काय येईल, याची यादी मुलांनी करावी.

२. चर्चा : "पर्याय" म्हणजे काय? पर्याय कुणासाठी, आणि कशाला?

३. मोजमाप : शाळेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, मोजा. २००३ च्या कायद्यानुसार एवढ्या अंतरात तंबाखू विकता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही.

एक काळजी घ्यावी. "कुणाच्या घरी खर्रा खातात?" असं वर्गात विचारू नये. मुलाला आपल्या बापाची लाज वाटावी, हा या पाठाचा हेतू नाही.

पालकांसाठी

पोराला पानठेल्यावर खर्रा आणायला पाठवू नका, ही पहिली विनंती. मुलांसाठी तोच पहिला धडा ठरतो. सोडायचं ठरवलं तर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बराच कमी होतो. तलफ काही मिनिटंच टिकते. तेवढा वेळ पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, हाताला काम लावा. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे. निकोटीनचा च्युइंगगम किंवा पट्टी लागलीच तर ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

मुलानं ई-सिगारेटबद्दल विचारलं तर रागावू नका, त्याला विचारू द्या. आज आपल्याला मोकळेपणानं विचारणारं पोर उद्या दुसऱ्या कुणाच्या हातून ती घेण्याआधीही आपल्याला विचारेल.

पाठ वर्गात घेतला तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते नक्की कळवा.